प्रगतिपुस्तकातली प्रगती कुठे गेली?

गेल्या महिन्यात अम्मीने जुनी पत्र्याची पेटी आवरायला काढली. तिच्यात माझी पाचवी ते दहावीची सगळी प्रगतिपुस्तके एका रुमालात बांधून ठेवलेली होती. इंग्रजीच्या रकान्यातले आकडे असे: ५२, ५५, ५८, ६१, ६६ आणि दहावीला ७१. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वर्षी एकच शब्द, 'समाधानकारक'. अम्मी म्हणाली, "देख, हर साल बढ़ते गया तू."

आकडे वाढत गेले हे खरे आहे. पण अभियांत्रिकीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाला उभे करून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला सांगितली, तेव्हा माझे नाव आणि 'आय ॲम फ्रॉम बीड' एवढ्यावर गाडी थांबली. त्या ७१ मार्कांत निबंध होता, पत्र होते, गाळलेल्या जागा होत्या. बरेचसे गाईडमधून पाठ केलेले. सहा वर्षांत कुणी मला एकट्याला समोर बसवून 'बोल' म्हटले नव्हते. एखादा परिच्छेद वाचायला लावून 'काय समजले ते तुझ्या भाषेत सांग' असेही कुणी म्हटले नव्हते. साठ मुलांच्या वर्गात गुरुजींना ते शक्यही नव्हते. म्हणून तक्रार गुरुजींविषयी नाही. तक्रार त्या आकड्याविषयी आहे. तो सहा वर्षे मला आणि माझ्या घरच्यांना 'सगळे ठीक चालले आहे' असे सांगत राहिला.

त्या पेटीमुळे हे संपादकीय लिहायला घेतले. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे मूल्यमापन कसे करायचे आणि त्यांच्या प्रगतीची नोंद कशी ठेवायची, हा विषय वरवर शाळेच्या कारकुनीचा वाटेल. पण आपल्यापैकी अनेक तरुण आपापल्या मोहल्ल्यात संध्याकाळचे किंवा रविवारचे वर्ग घेतात, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतात. शिकवायची हौस आपल्याला आहे. मूल कुठे आहे हे पाहायची आणि ते लिहून ठेवायची सवय मात्र नाही. त्या सवयीच्या अभावी काय होते, ते मी आमच्याच वर्गात पाहिले आहे.

दोघांना अठरा

बीडमध्ये आम्ही काही मित्र चार वर्षांपासून रविवारी इंग्रजीचा मोफत वर्ग चालवतो. मी नोकरीला पुण्यात असलो तरी घरून काम करायची मुभा मिळाल्यापासून महिन्यातले निम्मे दिवस गावीच असतो. वर्गात तीस-पस्तीस मुले येतात, तिसरी ते सातवीतली. निम्मी उर्दू माध्यमाची, बाकी बरीच मराठी माध्यमाची आणि चार-पाच इंग्रजी माध्यमाची.

पहिल्या रविवारी आम्ही तेच केले जे आमच्या वाट्याला आले होते. पन्नास मार्कांचा पेपर काढला, तपासला आणि मार्कांच्या क्रमाने नावांची यादी भिंतीवर लावली. इंग्रजी माध्यमाची मुले वर आली, ते अपेक्षितच होते. यादीतली शेवटची पाच मुले पुढच्या रविवारी आली नाहीत. त्यांतली दोन पुन्हा कधीच आली नाहीत. यादी लावायची कल्पना माझी होती, हे इथे कबूल केले पाहिजे.

त्या यादीत दोघांना पन्नासपैकी अठरा होते. एक मुलगा बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर वडिलांना मदत करणारा. मोबाइलवर इंग्रजी कार्टून बघून त्याचा कान तयार झालेला. 'ब्रिंग द रेड बुक' म्हटले की तो उठून लाल पुस्तक घेऊन यायचा. वाचायला दिले की मात्र 'बी' आणि 'डी' मध्ये अडकायचा. दुसरी एक मुलगी. अक्षर मोत्यासारखे, फळ्यावरचे सगळे बिनचूक उतरवून घ्यायची, धडा घडाघडा वाचायची. 'द बॉय इज अंडर द ट्री' हे वाक्य तिने न अडखळता वाचले. मी विचारले, "मुलगा कुठे आहे?" ती गप्प.

दोघांचा आकडा एक आणि दोघांची गरज एकमेकांच्या अगदी उलट. मुलाला अक्षरे आणि त्यांचे आवाज हवे होते. मुलीला ऐकणे, बोलणे आणि अर्थ हवा होता. आम्ही दोघांना 'कच्चे' म्हणून एकाच गटात बसवले आणि दोन महिने दोघांनाही एबीसीडी गिरवायला लावली. मुलगी ती आधीच सुंदर गिरवत होती. मुलगा कंटाळून खिडकीबाहेर बघत बसायचा.

भाषा ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चार अंगांनी येते आणि चारही एका वेगाने वाढत नाहीत, हे प्रत्येक डी.एड. झालेल्या शिक्षकाला माहीत असते. परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागते ती आयईएलटीएस परीक्षाही या चारही अंगांचे गुण वेगवेगळे छापते. युरोपात भाषेचे 'ए-वन' ते 'सी-टू' असे सहा टप्पे मानतात आणि प्रत्येक टप्प्याचे वर्णन 'हा माणूस त्या भाषेत काय काय करू शकतो' अशा वाक्यांत करतात. मग बीडच्या तिसरीतल्या लेकराचे इंग्रजी आपण पन्नासपैकी अठरा या एका आकड्यात का कोंबतो?

मोजायचे ते साधे असते

आपल्या देशात यासाठी एक फार साधे साधन वापरून सिद्ध झालेले आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे 'असर' सर्वेक्षण तुम्ही ऐकले असेल. त्याच्या इंग्रजीच्या चाचणीत एका कागदावर चार गोष्टी असतात: मोठ्या लिपीतली अक्षरे, छोट्या लिपीतली अक्षरे, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये. मूल कुठपर्यंत जाते ते बघायचे. जे शब्द किंवा वाक्ये वाचता आली त्यांचा अर्थ त्याला त्याच्या भाषेत विचारायचा. एकेका मुलाजवळ बसून काही मिनिटांत हे होते. २०२२ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्क्यांनाच सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. २०१६ मध्ये हा आकडा २४.७ होता. महाराष्ट्राने २००० साली सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. माझ्या वेळी ते पाचवीपासून होते. विषय लवकर सुरू झाला म्हणजे भाषा लवकर आली असे होत नाही, एवढे यावरून समजावे.

आम्ही ही चार पायऱ्यांची पद्धत उचलली आणि तिला ऐकण्या-बोलण्याची जोड दिली. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुलांची प्रत्येक चूक ही 'न येणे' नसते. उर्दू माध्यमाचे मूल 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणते, 'स्टेशन'ला 'इस्टेशन'. घरात आपण सगळे तेच म्हणतो. ते मूल स्पेलिंग लिहिताना स्वर गाळते, कारण उर्दूत जेर-जबर-पेश सहसा लिहिले जात नाहीत. व्यंजने दिसली की वाचणारा शब्द ओळखतो. ते उजवीकडून डावीकडे लिहायला शिकले आहे आणि इंग्रजीसाठी त्याला दिशा बदलावी लागते. मराठी माध्यमाच्या मुलाची अडचण वेगळी. त्याला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही 'व'च ऐकू येतात. या चुका लाल शाईने गोल करून मार्क कापले तर मुलाला फक्त 'मला येत नाही' एवढेच कळते. 'स्वर गाळते, कारण उर्दूची सवय' असे वहीत लिहिले तर शिकवणाऱ्याला पुढच्या रविवारचे काम मिळते.

उत्तर कोणत्या भाषेत स्वीकारायचे, हा प्रश्नही इथेच येतो. गोष्ट समजली का हे बघायचे असेल तर मुलाने दखनीत सांगितलेले उत्तरही बरोबर धरले पाहिजे. आम्ही सुरुवातीला 'इंग्रजीतच सांग' असा आग्रह धरला आणि गोष्ट पूर्ण समजलेली मुले आम्हाला मठ्ठ वाटली.

चुकीच्या भाषेत मोजले की शहाणा माणूस अडाणी ठरतो, हे मराठवाड्याच्या मुसलमानांना नव्याने सांगायला नको. बीड निजामाच्या राज्यात होते आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. माझे दादा उर्दूत शिकले, उर्दूत हिशेब लिहायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. १९४८ नंतर कारभाराची भाषा बदलत गेली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्रात. कचेरीत मराठी यावी हे इथल्या बहुसंख्य जनतेच्या दृष्टीने न्याय्यच होते, यात शंका नाही. पण दादा कचेरीत गेले की त्यांना अंगठा उठवायला सांगत. त्यांना काय येते हे कुणी विचारले नव्हते. जे येत नाही तेवढेच मोजले होते. आज आपण आपल्याच लेकरांच्या बाबतीत तेच करू नये.

कागद वर जातो, खाली येत नाही

सरकारी व्यवस्थेत हा विचार नाही असे कुणी समजू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये मुलाच्या आकलनाचे आणि ते वापरण्याच्या क्षमतेचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी तशी पद्धत आणली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी आकारिक मूल्यमापनाची साधने ठरली. सत्राअखेर संकलित मूल्यमापन. अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी. आणि या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती वर्णनात्मक नोंद: मुलाबद्दल शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले एखादे वाक्य.

पुढे त्या वाक्याचे काय झाले? बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग मोबाइलवर त्यांच्या फायली फिरू लागल्या. 'इंग्रजी कविता तालासुरात म्हणतो', 'सोप्या सूचनांचे पालन करते'. चाळीस मुलांना चाळीस वाक्ये वाटून टाकायची. यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या टेबलावर आणखी किती कागद असतात ते एकदा जाऊन बघावे. २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरायची झाली. त्याच वर्षी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला. २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या मुलांच्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. प्रत्येक योजनेचा हेतू चांगला आहे. पण माहितीच्या धंद्यातला माणूस म्हणून मला एक गोष्ट खटकते. आकडा वर्गातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून पुण्याला जातो. त्यातून मुलाच्या आईला काय कळले? पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला काय कळले? नोंद ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंतच ती पोहोचत नाही.

हे मी मोठ्या तोंडाने बोलतो आहे, पण तीच चूक मीही करून बसलो होतो. यादीचा प्रकार अंगलट आल्यावर मी एका रात्रीत भलीमोठी एक्सेल शीट बनवली. प्रत्येक मुलासाठी सेहेचाळीस रकाने, प्रत्येक रकान्यात एक ते पाच असे गुण, खाली आपोआप निघणारे आलेख. मित्रांना दाखवली तेव्हा सगळे खूश. पहिल्या महिन्यात ती नीट भरली गेली. दुसऱ्या महिन्यात शनिवारी रात्री आठवून आठवून भरली जाऊ लागली. तिसऱ्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक मुलाला प्रत्येक रकान्यात तीन होते. आलेख मात्र छान दिसत होते. एका मैत्रिणीने स्पष्ट विचारले, "ही शीट बघून उद्या मी कुणाला काय शिकवू, ते सांग." मला सांगता आले नाही. शीट त्या दिवशी बंद केली.

कोयत्याबरोबर गेलेली मुलगी

बीडमध्ये नोंदीचा प्रश्न इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त टोकदार आहे, कारण आपल्याकडे मूलच जागेवर राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडला की परततात. मधले पाच-सहा महिने कुणाची मुले आजी-आजोबांकडे राहतात, कुणाची हंगामी वसतिगृहात, आणि उरलेली आईवडिलांबरोबर फडात जातात.

आमच्या वर्गातली चौथीची एक मुलगी अशीच गेली. आई-वडील कोयत्यावर, धाकट्या भावाला सांभाळायला ही. जाण्याआधी ती छोटी वाक्ये अर्थासह वाचू लागली होती. हे मला आज आठवते. त्या वेळी आमच्या शीटमध्ये तिच्या नावापुढे फक्त तीन-तीन-तीन होते. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा वर्गावर नवे स्वयंसेवक होते. त्यांनी शीट बघितली, तिचा अवघडलेला चेहरा बघितला आणि तिला अक्षरांच्या गटात, दुसरी-तिसरीच्या मुलांशेजारी बसवले. तीन रविवार ती मुकाट्याने 'ए फॉर ॲपल' म्हणत राहिली. चौथ्या रविवारी आली नाही. मी घरी गेलो तेव्हा तिने एवढेच सांगितले, "ये तो मैं दिवाली के पहले पढ़ी थी, भाईजान. मेरेकू वापस पहिली में बिठाए."

तिचे म्हणणे खरे होते. सहा महिन्यांत ती बरेच विसरली होती, पण कोरी झाली नव्हती. आमच्याकडे नोंद नव्हती म्हणून आम्ही तिचे वर्षभराचे शिकणे पुसून टाकले. आपल्याकडे दहा-अकरा वर्षांच्या मुलीला शाळेतून काढायला घरात निमित्तच हवे असते. 'कुछ आता नै इसको' हे वाक्य त्यासाठी पुरते. ते वाक्य या वेळी आम्ही पुरवले होते.

अशा मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी पत्रक आणलेले आहे. मूल गाव सोडून जाते तेव्हा त्याची इयत्ता आणि त्याला काय कितपत येते याची नोंद करून ते पत्रक बरोबर द्यायचे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला अडवले जाणार नाही आणि तिथल्या शिक्षकाला कुठून सुरुवात करायची ते कळेल. कल्पना नेमकी आहे. फक्त ते पत्रक मनापासून भरणारा एक माणूस इकडे लागतो आणि ते वाचणारा एक माणूस तिकडे. तुमच्या ओळखीचे एखादे कुटुंब तोडीला जाणार असेल तर जाण्याआधी शाळेत जाऊन हे पत्रक मागून घ्या. ते काम कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगाचे आहे.

मकतबातली डायरी

मग आम्हाला चालेल अशी नोंद कुठे सापडली? घरातच. माझा मामेभाऊ हाफिज आहे. त्याची लहानपणीची डायरी मी मागून घेतली. रोजची एक ओळ: तारीख, सबक, सबक पारा, आमुख्ता, चुका, उस्तादांची सही. सबक म्हणजे आजचा नवा धडा. सबक पारा म्हणजे गेल्या काही दिवसांत झालेले. आमुख्ता म्हणजे जुने, आधी पक्के झालेले. उस्ताद प्रत्येक मुलाला समोर बसवून ऐकतात. कुठे अडकला, किती ठिकाणी चुकला ते लिहितात. आजचा सबक कच्चा असेल तर उद्या नवा मिळत नाही. शेजारचा मुलगा कितव्या पाऱ्यावर आहे याचा त्या डायरीत उल्लेखही नसतो. नवे, ताजे आणि जुने या तिन्हींची रोज वेगळी तपासणी करणारी ही पद्धत आपल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि आपण मूल्यमापनाचे नमुने इंटरनेटवर शोधत होतो.

तिथे एक गोष्ट राहून जाते, तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मकतबात बहुतेक वेळा उच्चार आणि पाठांतर ऐकले जाते, अर्थ विचारला जात नाही. त्या मोत्यासारख्या अक्षराच्या मुलीचा इंग्रजीत जो घोटाळा झाला तो हाच. न समजता वाचायची सवय एका भाषेत लागली की दुसरीतही जाते. म्हणून आम्ही मकतबाचे तीन रकाने घेतले आणि 'असर'कडून चौथा घेतला: अर्थ.

आता आमच्या वर्गात प्रत्येक मुलाची चाळीस पानी एक वही आहे. एका रविवारी पाचच मुलांची नोंद होते, प्रत्येकी आठ-दहा मिनिटे. त्या वेळी बाकीच्यांना दुसरा स्वयंसेवक शिकवतो. दीड-दोन महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते. वर्षातून तीनदा, जून, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये, तेच एक चित्र दाखवून मुलाला बोलायला सांगतो आणि जे बोलले ते जसेच्या तसे उतरवतो. नोंद कशी दिसते ते बघा:

"१५ जून. चित्रावर चार शब्द बोलली: बॉय, डॉग, ट्री, रन. वाक्य नाही. वाचन: छोटी अक्षरे सगळी, शब्द दहापैकी तीन. पुढे: तीन अक्षरी शब्द, रोज पाच."

"१९ ऑक्टोबर. त्याच चित्रावर तीन वाक्ये. 'डॉग इज रनिंग' म्हणते, 'द' गाळते. शब्द दहापैकी आठ, अर्थ सातांचा. जुने शब्द विचारले, दोन विसरली. 'एस-एच' दिसले की 'स' वाचते. पुढे: 'शिप', 'शॉप', 'फिश'."

यात मार्क नाही, श्रेणी नाही, 'हुशार' किंवा 'कच्ची' असा शब्द नाही. काय येते, काय अडते, उद्या काय करायचे, एवढेच. ज्याने वर्ग कधी पाहिला नाही असा नवा स्वयंसेवकही ही दोन टिपणे वाचून तिसऱ्या रविवारी शिकवू शकतो.

अनुभवातून आमचे काही नियम ठरले आहेत. पहिला, जुनी नोंद खोडायची नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एखाद्या फाइलमध्ये झालेला प्रत्येक बदल तारखेनिशी जपून ठेवतात, म्हणजे आपण कुठून कुठे आलो ते दिसते. प्रगतिपुस्तकात नवा आकडा जुन्याची जागा घेतो. वहीत दोन्ही राहतात, आणि प्रगती त्या दोन तारखांच्या मधल्या अंतरात दिसते. दुसरा, नोंद मुलासमोर आणि मुलाला सांगून करायची. तिसरा, वही मुलाच्या घरी राहते. मूल तोडीला गेले तर वही त्याच्याबरोबर जाते. तिचा एक फोटो आमच्याकडे राहतो. चौथा, ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही, दुसऱ्या मुलाच्या आईला दाखवायची नाही. मुलांच्या चुका ही जाहिरातीची वस्तू नाही. पाचवा, वर्षातून दोनदा आईला बसवून वही वाचून दाखवायची. तिला वाचता येत नसेल तर तिच्या बोलीत सांगायची. पहिल्यांदा ऐकलेल्या आईने विचारले होते, "मतलब मेरी बेटी को इत्ता आता है?"

मार्कांचे काय?

कुणी म्हणेल, जग मार्कांवर चालते. दहावीचा बोर्ड वही मागणार नाही, नोकरी देणाराही नाही. खरे आहे. परीक्षा टाळा असे मी म्हणत नाही. पाचवी आणि आठवीला आता महाराष्ट्रात पुन्हा वार्षिक परीक्षा आहे. तिची तयारी करावीच लागेल. पण परीक्षा वर्षाच्या शेवटी निकाल सांगते. निकाल कळतो तेव्हा वर्ष संपलेले असते. वही वर्ष चालू असताना बोलते. माझ्या सहा प्रगतिपुस्तकांपैकी एकातही 'वाचतो, पण बोलत नाही' असे चार शब्द असते तर कॉलेजातली ती पहिली दोन वर्षे मी मागच्या बाकावर लपून काढली नसती.

दुसरा आक्षेप असा की, इंग्रजीचे एवढे स्तोम कशाला? मलाही ते स्तोम मान्य नाही. इंग्रजी आले म्हणजे मूल शहाणे झाले असे नाही, आणि इंग्रजीपायी उर्दू-मराठी सुटली तर तो तोटाच आहे. आम्ही पुढच्या वर्षी त्याच वहीत मराठी वाचनाचेही पान जोडतो आहोत, कारण उर्दू शाळेतून निघालेल्या मुलाला तहसीलपासून दवाखान्यापर्यंत पहिली गरज मराठीची लागते. नोंदीची पद्धत भाषेपुरती मर्यादित नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात मुसलमान सुमारे १२ टक्के आहेत. आपल्या मागासलेपणाबद्दल आपण समित्यांचे अहवाल वाचतो, टक्केवाऱ्या सांगतो, सरकारकडे मागण्या करतो. त्या केल्याच पाहिजेत. पण आपल्या गल्लीतल्या दहा मुलांपैकी कोण वाचू शकते, कोण समजून वाचते आणि कोण गेल्या दिवाळीपासून जागेवरच अडकले आहे, हे आपल्याला सांगता येते का? मोठ्या आकड्यांची चर्चा करणाऱ्यांनी निदान दहा मुलांची नीट नोंद ठेवून पाहावी. दहा वह्या, एक पेन आणि रविवारचा एक तास एवढेच लागते.

त्या कोयत्याबरोबर गेलेल्या मुलीला आम्ही पुन्हा बोलावून आणले. माफी मागितली आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर तिच्या आठवणीतून आणि माझ्या आठवणीतून मागच्या वर्षाची नोंद लिहिली. गेल्या दिवाळीत ती पुन्हा आई-वडिलांबरोबर गेली तेव्हा वही कपड्यांच्या गाठोड्यात होती. मधल्या काळात वहीत एकच नवी ओळ आली होती, वेगळ्या अक्षरात. कारखान्याजवळच्या शाळेतल्या कुणा बाईंनी लिहिलेली: "छोटा परिच्छेद वाचला. अर्थ सांगितला. 'द' अजून गाळते."

एप्रिलमध्ये आम्ही तिथूनच पुढे सुरुवात केली.